मोहाच्या झाडाला टांगलेली लाईन

राईस मिलच्या मालकाने आमच्या राउटरच्या कपाटाला झेंडूचा हार घातला, तेव्हा मी दाराशी उभी होते. पूजेला माणूस बोलावला होता. नारळ कपाटापासून हातभर अंतरावर फोडला आणि पाणी उडालं ते वायरींवर. मी खिशातला रुमाल काढून पुसलं. ‘‘मॅडम, तुम्हीपण हात जोडा,’’ मालक म्हणाले. मी म्हटलं, ‘‘माझे हात आठवडाभर ह्याच कपाटात होते. तेवढं पुरे.’’ ते हसले नाहीत. यंत्र विकत घेतलं की त्याच्यासोबत भक्तीही विकत मिळते, असं समजणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांना यंत्र कशाचं आहे ते विचारा, सांगता येत नाही. हार मात्र बरोबर घालतात.

मी असल्याच जोडण्यांचं काम करते. सांगायला अवघड नाही, अवघड करून सांगण्याचा पगार आमचे साहेब घेतात. तुमच्या-माझ्या मोबाइलचं इंटरनेट म्हणजे सगळ्यांचा रस्ता. त्यावरून ट्रक जातो, वरात जाते, बकऱ्याही जातात. मोठ्या कंपनीला वाटतं, आपला माल ह्या गर्दीतून जायला नको. मग ती आमच्याकडून स्वतःची वेगळी तार घेते. ही तार कंपनीच्या दारातून निघते ती थेट क्लाऊडवाल्यांच्या इमारतीत जाऊन टेकते. मधे दुसऱ्या कुणाचं काही तिच्यावरून जात नाही. क्लाऊड म्हटलं की लोक वर बघतात. वर काही नाही. मुंबईकडे एका गारठलेल्या इमारतीत लोखंडी कपाटांच्या रांगा आहेत, त्यांना क्लाऊड म्हणायचं. मी जाऊन पाहून आले आहे. आमच्या कॉलेजच्या सरांनी पाहिलं नव्हतं, तरी ते वर्षभर त्यावर नोट्स उतरवून देत होते, आणि वर्गात एक तारही कधी आणली नाही.

तर ह्या मिलला असली तार कशाला हवी होती? मालकाचा मुलगा पुण्यात शिकायला गेला आणि तिथून ‘डेडिकेटेड’ हा शब्द घेऊन आला. पूर्वी मिलच्या फाटकाशी काटा होता आणि काट्यावर एक म्हातारा होता. ट्रॉली चढली की तो वजन बघायचा, ओरडून सांगायचा, धानवाला पुढे सरकायचा. आता ट्रॉली काट्यावर चढते, वजन तारेतून मुंबईला जातं, तिथल्या कपाटात त्याची नोंद होते, आणि मुंबई ‘हो’ म्हणाली की इकडे चिठ्ठी छापून येते. ट्रॉली डोळ्यांसमोर, काटा ट्रॉलीखाली, आणि वजन किती ते मुंबईला विचारायचं. ह्याला प्रगती म्हणतात. लाईन बंद पडली की ट्रॅक्टरांची रांग थेट एसटीच्या थांब्यापर्यंत जाते आणि माणसं धानाच्या पोत्यांवर झोपतात.

मी कुरखेड्याकडची. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेली नाही. बाप बांबू तोडायला जायचा, आई दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला. निळ्या कोटाच्या तसबिरीखाली आईने माझी डिग्री टांगली आहे आणि पाहुणा आला की त्याला आधी ती दाखवते, मग पाणी देते. मला ह्याची लाज वाटत नाही. मी ती डिग्री कुणाच्या ओळखीने मिळवलेली नाही. म्हणून मला ‘तुमच्या भागात नेट चालतं का?’ असं विचारणाऱ्या माणसाबद्दल फार आदर ठेवता येत नाही. आमचे पुण्याचे साहेब हे प्रत्येक फोनमध्ये विचारायचे. त्या फोनवर, त्याच नेटवरून. साहेब एकदाच आमच्याकडे आले होते, तेही मिलच्या लाईनच्या उद्घाटनाला. गाडीतून उतरण्याआधी त्यांनी मानेला, कानाला, घोट्यांना मच्छरांचं मलम चोळलं आणि भाषणात म्हणाले, ‘‘ह्या दुर्गम भागातल्या साध्याभोळ्या माणसांना आज आपण जगाशी जोडतो आहोत.’’ साधीभोळी माणसं तेव्हा बाहेर मंडपात जेवणाच्या रांगेत उभी होती आणि भाजीत मटार किती कमी आहेत ह्यावर बोलत होती.

आता लाईन कशी टाकली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

करारात दोन वाटा होत्या. एक तार डांबरी रस्त्याने, दुसरी जंगलातल्या पायवाटेने, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालू. ही दोन वाटांची गोष्ट साहेब फार रंगवून सांगायचे. पण खोदायला वनविभागाची परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. मग ठेकेदाराने खांब रोवून तारा वरून नेल्या. नाल्याच्या पलीकडे जमीन मुरमाड, खांबाला सिमेंटचा पाया लागला असता. ठेकेदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि नाल्याच्या काठावरचं मोहाचं झाड त्याच्या नजरेस पडलं. चांगलं जाड झाड, फुकटचा खांब. दोन्ही वाटांच्या तारा त्याने त्या एकाच झाडावर आणल्या, एकाच काळ्या जॉइंट बॉक्समध्ये घातल्या आणि उरलेल्या तारेचं वेटोळं बुंध्याशी बांधून ठेवलं.

नकाशा पाहिला तेव्हा मी साहेबांना म्हटलं, ‘‘सर, ह्या दोन वाटा नाहीत. एका झाडाला टांगलेली एक वाट आहे.’’

‘‘अगं, ड्रॉइंगवर दोन आहेत ना?’’

‘‘ड्रॉइंगवर आहेत.’’

‘‘मग झालं तर. कस्टमर ड्रॉइंग बघतो, झाड बघत नाही.’’

फेब्रुवारी संपता संपता लाईन चालू झाली, हार पडला, नारळ फुटला. आणि मार्च लागला तशी ती बंद पडली.

वरोऱ्याहून आमचा जोडणारा गडी गेला. तारेच्या आत केसासारखी काच असते, ती तुटली की यंत्रात धरून पुन्हा चिकटवायची, हे त्याचं काम. तो म्हणाला, वेटोळं जळून गेलंय. जोडलं. चार-दोन दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा तेच झाड, तेच वेटोळं, पुन्हा जळालेलं. दोन्ही वाटा एका दमात गेल्या, त्यामुळे मिलचा काटा आंधळा झाला, ट्रॅक्टर थांब्यापर्यंत पोचले, आणि मालकाच्या मुलाने पुण्याला फोन करून विचारलं की दुसरी वाट कुठे आहे.

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर साहेबांना देता येत नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरं उत्तर शोधलं. आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं, पडद्यावर एक आलेख लावला आणि म्हणाले, ‘‘हा पॅटर्न बघा. आपण रिपेअर करतो आणि मगच अटॅक होतो. कुणीतरी पाळत ठेवून आहे. हे सॅबोटाज आहे.’’ मग माझं नाव घेऊन मराठीत म्हणाले, ‘‘रिपोर्टमध्ये घातपात लिही. समाजकंटक वगैरे टाक. म्हणजे जबाबदारी आपल्यावर येत नाही, आणि पोलिसांना कॉपी गेली की कस्टमरही गप्प बसतो.’’

‘‘सर, तुम्ही गडचिरोली जिल्ह्याबद्दल बोलत आहात.’’

‘‘म्हणून तर लगेच पटेल,’’ साहेब म्हणाले.

पुण्यात बसून हा शब्द टाइप करायला काही लागत नाही. आमच्याकडे तो शब्द कागदावर पडला की पोलिसांच्या गाड्या निघतात. माझ्या मामाला एकदा जंगलात तारेचा तुकडा सापडला होता. धोतर वाळत घालायला बरा म्हणून त्याने घरी आणला. तारेचं कुणीतरी कुणाला सांगितलं, आणि मामाला दिवसभर ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं. कुणी मारलं नाही, काही नाही. पण मामाने त्यानंतर जंगलात पडलेली वस्तू कधी उचलली नाही, स्वतःची पडलेली कुऱ्हाडसुद्धा आधी चारी बाजूंना बघून उचलायचा. नाल्यापलीकडे गोंडांचा एक टोला होता, पाच-पंचवीस घरांची वस्ती. माझ्या कागदावर तो शब्द पडला असता तर पहिली गाडी तिथे गेली असती.

साहेब कॉल बंद करण्याआधी म्हणाले, ‘‘तू तिथल्या आदिवासींतलीच ना? मग तुला बोलतील ते.’’

‘‘नाही. आम्ही बौद्ध. ते गोंड आहेत. गाव वेगळं, देव वेगळे. मी तर देव मानतच नाही.’’

‘‘अगं म्हणजे एरिया तोच ना,’’ साहेब म्हणाले.

रिपोर्टवर जो जागेवर जाऊन आला त्याचीच सही चालते, असा कंपनीचाच नियम होता. तिसऱ्यांदा लाईन गेली तेव्हा मी गड्यासोबत स्वतः गेले.

हा गडी फार टापटिपीचा. शर्टाची कॉलर धुळीत काम करूनही पांढरी. झाडाखाली गेल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे टेंभुर्णीच्या फांद्यांचा झाडू बांधला आणि बुंध्याभोवती सगळी जमीन झाडून काढली. वाळका पाला, काटक्या, सगळं नाल्यात लोटलं. मग ताडपत्री पसरली, यंत्र मांडलं.

‘‘एवढं झाडावं लागते का गा?’’ मी विचारलं.

‘‘मॅडम, काचेले एक कण लागला तरी जोड बिघडते. अन् पाल्यात जनावर असते. मी तर दर टायमाले झाडतो. पह्यल्या दिवशीबी झाडलं होतं. इथी आता माझ्या घरच्या अंगनापरीस सफाई हाये.’’

त्याने जोडलं, मिलवरून निरोप आला की काटा चालू झाला, आणि तो जीपमध्ये जाऊन आडवा झाला. मी नाल्याच्या अलीकडे सावलीत डबा उघडून बसले. भाकरीचा तुकडा तोंडात होता तेव्हा पलीकडून एक म्हातारी आली. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर टोपली, हातात खराटा. ती सरळ त्या मोहाखाली गेली, टोपली ठेवली आणि झाडायला लागली.

झाडलेल्या जमिनीला ती झाडत होती. एक पान नव्हतं तिथे. तरी चारी बाजूंनी, बुंध्यापासून बाहेर, खराट्याच्या रेघा पाडत ती झाडत गेली. मग टोपली उलटी केली. टोपलीत पाला होता. दुसरीकडून गोळा करून, डोक्यावर वाहून आणलेला. तो तिने बुंध्याशी ढीग करून ठेवला.

मला तेव्हाच सगळं कळलं. पुण्याच्या आलेखात हे कधी दिसलं नसतं, वरोऱ्याच्या गड्यालाही नाही, कारण वरोरा म्हणजे कापूस आणि सोयाबीन. आमच्याकडे मोहाची झाडं जंगलात असली तरी बेवारस नसतात. कोणतं झाड कोणत्या घरचं हे गावाला माहीत असतं. फुलं पडायच्या आधी त्या घरची बाई खालचा पाला झाडते, ढीग करून पेटवते, जमीन अंगणासारखी करते, म्हणजे पडलेलं फूल दिसतं आणि वेचता येतं. तिने झाडलं म्हणजे गावाला सांगितलं: यंदाही हे आमचं. आणि दुसऱ्या कुणी येऊन झाडलं तर तोही तेच सांगतो: आता हे माझं. ह्यावर तोंडाने भांडत नाहीत. पहिली येऊन त्यावर पुन्हा झाडते आणि पेटवते. माझ्या आईचं एका झाडावरून शेजारणीशी असं भांडण झालं होतं. एक शब्द नाही. आई सकाळी झाडायची, शेजारीण दुपारी. संध्याकाळी दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या आणि जावयाच्या तब्येतीची चौकशी करायच्या. शेवटी गावाने निवाडा केला तेव्हा ती जमीन एवढी साफ झाली होती की पोरं तिथे गोट्या खेळत होती.

म्हणजे आमचा गडी प्रत्येक दुरुस्तीला येऊन म्हातारीच्या झाडावर हक्क सांगत होता. आणि म्हातारी प्रत्येक वेळी येऊन त्याला उत्तर देत होती. साहेबांचा पॅटर्न बरोबर होता. दुरुस्ती झाली की मगच आग लागायची, कारण दुरुस्तीनेच आग लागत होती.

मी डबा टाकून नाला ओलांडला, पण तोवर तिने काडी ओढली होती. वाळका पाला भसकन पेटला.

‘‘बाई, हे काय करून राह्यल्या?’’

‘‘दिसत नाई का वं? झाड झाडून राह्यलो.’’

‘‘झाडलेलंच तर होतं.’’

‘‘म्हनून तं,’’ म्हातारी म्हणाली. माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र तिने पाहिलं. ‘‘तुमचाच मानूस का तो, पांढऱ्या कॉलरवाला? एवढी मोठी जीप घेऊन येते अन् एका बुढीच्या झाडावर डोळा. मी झाडलं, त्यानं झाडलं. मी पुन्ना झाडलं, तो पुन्ना आला. फुलं वेचाले बसला का मंग पायतो म्हटलं त्याले.’’

‘‘त्याले फुलं नाई पायजे, बाई.’’

‘‘मंग काऊन झाडते?’’

‘‘त्याची तार बारीक हाये. धूळ लागली का जोड बिघडते.’’

‘‘मंग घरी जोडाव,’’ ती म्हणाली. ‘‘अन् हे डबडं? आमच्याकडं खुनेले चिंधी बांधतेत. तुमच्या मानसानं डबडं बांधलं. सासूच्या सासूपासून हे झाड आमचं हाये. तुमी कोन गावचे?’’

मी गाव सांगितलं. तिने मान हलवली. ‘‘मंग तुले तं समजाले पायजे होतं.’’

‘‘मले समजलं. पन आजच आलो मी.’’

‘‘हो का? मंग शिकून काय केलं एवढे दिवस?’’ असं म्हणून ती स्वतःच हसली, आणि खराट्याने जळका पाला आत लोटला.

आमच्या दोघींच्या समोर वेटोळ्याचं काळं आवरण मऊ पडलं, ठिबकलं, आणि खिशात फोन वाजला. साहेब.

‘‘लिंक परत गेली.’’

‘‘दिसतंय, सर. समोरच जळतेय.’’

‘‘समोर? म्हणजे कोण करतंय ते तुझ्या समोर आहे?’’

मी गप्प राहिले. चूक झाली. साहेबांना गप्प राहण्याचा अर्थ लगेच लागला. दुसरं कशाचं नाही लागत, तेवढं लागतं.

‘‘फोटो काढ,’’ ते हळू आवाजात म्हणाले. जसं काही म्हातारीला पुण्याहून ऐकू जाणार होतं. ‘‘चेहरा यायला हवा. हे तर प्रूफच मिळालं. फोटो पाठव, मी इथून पुढचं बघतो.’’

म्हातारी वाकून राख पसरत होती. तिच्या पाठीवर धूर होता. फोटो फार चांगला आला असता. दुसऱ्या दिवशी तो फोटो मिलच्या मालकाच्या मुलाकडे, तिथून ठाण्यात, आणि खाली लिहिलेलं: लाईन जाळताना रंगेहाथ. फुलं पडायला थोडेच दिवस होते. म्हातारी त्या दिवसांत बाकावर बसली असती आणि तिच्या झाडाची फुलं डुकरांनी खाल्ली असती.

‘‘फोटो काढणार नाही, सर.’’

‘‘का?’’

‘‘कारण इथे घातपात नाही. आपला बॉक्स दुसऱ्याच्या झाडाला बांधलाय. एवढंच आहे.’’

‘‘दुसऱ्याच्या म्हणजे? जंगल गव्हर्मेंटचं असतं.’’

‘‘मग गव्हर्मेंटला विचारून बांधला होता का?’’

साहेबांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. आग लावली ना तिने? जंगलात आग लावणं गुन्हा आहे. वनविभागाला कळवू.’’

‘‘कळवा. ते इथे येतील. आग बघतील, मग मान वर करून बघतील. तार कुणाच्या परवानगीने टांगली ते विचारतील. ग्रामसभेचा ठराव मागतील. आणि दोन वाटा एका झाडावर कशा, हे मालकाच्या मुलाला मी न सांगताच कळेल.’’

‘‘तू कुणाच्या बाजूने आहेस?’’

‘‘मी जागेवर आहे,’’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रात्री साहेबांनी त्यांनी स्वतः लिहिलेला रिपोर्ट पाठवला, खाली फक्त माझी सही बाकी. त्यात ‘समाजकंटक’ तीनदा होता. मी सही केली नाही. मी माझा रिपोर्ट लिहिला, अर्ध्या पानाचा. कारण: ठेकेदाराने दोन्ही मार्ग ग्रामसभेला न विचारता एकाच झाडावर एकत्र आणले, झाडाखालच्या नेहमीच्या कामात उष्णतेने तार गेली. उपाय: झाड सोडा, खांब रोवा, दोन वाटा खरंच दोन करा. आणि कळवलं की ह्यावरच सही करीन, नाहीतर सरांनी दुसऱ्या इंजिनिअरला जागेवर पाठवावं.

मला माहीत होतं, कुणी येणार नाही. पुण्यातला कुणी नाही, नागपुरातलाही नाही. नागपूरचा एक इंजिनिअर तर बायकोला वचन दिलंय म्हणाला, ब्रह्मपुरीच्या पुढे जाणार नाही. नकाशात आमचा जिल्हा दिसला की हे लोक घाबरून रजा टाकतात. एरवी मला ह्याचा तिटकारा आहे. त्या आठवड्यात मात्र त्यांची ती भीती म्हातारीच्या कामी आली. नाही तर मी एकटी कुणाला पुरले नसते. दोन दिवस साहेबांनी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी मालकाच्या मुलाने आणखी आरडाओरडा केला असावा, कारण माझाच रिपोर्ट पुढे गेला. साहेबांनी त्यात ‘ठेकेदाराने’ हा शब्द ठळक केला होता, बाकी काही हात लावला नव्हता.

खांबाचं काम सुरू करण्याआधी मी टोल्यावर गेले, ग्रामसभेला विचारायला. तिथे देवाधर्माचं आणि झाडाजमिनीचं बघणारा भुमिया होता, साठीचा, कानात मुरकी. म्हातारीही बसली होती, लांब, पाठ करून. मी सगळं सांगितलं. खांब नाल्याच्या अलीकडे, मोहापासून दूर. भुमियाने ऐकलं आणि म्हणाला, ‘‘खांबाचं ठीक हाये. पन झाडाचं काय?’’

‘‘झाड सोडलं, भाऊ. डबडं काढून टाकतो.’’

‘‘असं तोंडानं कसं सुटन? झाडलं तं सगळ्यायनं पाह्यलं. सोडलं हे कोनी पाह्यलं?’’

‘‘मग काय करावं?’’

‘‘पाला परत टाकाव. ज्यानं झाडलं त्यानं, गावासमोर. झाडाखाली जसा होता तसा. मंग ज्याचं झाड त्यानं झाडाव.’’ मग मिशीत हसून म्हणाला, ‘‘तुमच्या सायबाले बोलवा. पाला हलकाच असते.’’

मी साहेबांना खरंच फोन लावला. सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हे काय आदिम आहे? आपण क्लाऊडवर काम करतो.’’

‘‘क्लाऊडपर्यंत जायची वाट ह्या नाल्यावरून जाते, सर.’’

‘‘तूच काय ते कर,’’ साहेब म्हणाले. ‘‘आणि मला साइट क्लियरचा मेसेज टाक.’’

म्हणून वरोऱ्याच्या गड्याला आणि मला पाला वाहावा लागला. गडी आधी तयारच होईना. ‘‘मॅडम, आजवर मले सगळ्यायनं सफाई कराले लावली. कचरा पसराले पह्यलांदाच कोनी लावलं.’’ टोल्यावरची माणसं येऊन बसली होती, बाया तोंडावर पदर घेऊन. आम्ही सागाची, मोहाची, ऐनाची पानं पोत्यांतून आणून त्या गुळगुळीत जमिनीवर टाकत होतो. एक बाई म्हणाली, ‘‘तिकडं टाका नं, बुंध्याकडं उघडं दिसून राह्यलं.’’ दुसरी म्हणाली, ‘‘म्याडमले येत नाई, पान कसं पडते ते पाह्यलं नाई वाटते कधी.’’ त्यावर सगळे हसले. मला राग आला. मी त्या झाडांखालीच वाढले आहे. पण सांगत बसले नाही, बुंध्याकडे दोन मुठी टाकल्या. गड्याने डबडं उतरवलं, वेटोळं सोडलं, झाडाच्या सालीवर दोरीचा वळ राहिला होता तो हाताने पुसला. त्याची कॉलर त्या दिवशी पहिल्यांदा मळलेली मी पाहिली.

भुमियाने फेरी मारून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘झालं.’’

फोन वाजला. साहेबांचा मेसेज: साइट क्लियर आहे का? मी लिहिलं: नाही सर, पूर्ण भरली.

म्हातारी तोवर आपला खराटा घेऊन उठली होती. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मी अजून पाल्यातच उभी होते.

‘‘सरक वं,’’ ती म्हणाली. ‘‘मले झाडून घ्याचं हाये.’’